विश्लेषण : भंडाऱ्याच्या ४५ अंशांत ‘बिअर्डेड ड्रॅगन’... पिल्लाचे पहिले घर कसे असावे?

‘वाळवंटातला सरडा आहे, त्याला उन्हाचे काय?’ रील्स पाहून बिअर्डेड ड्रॅगन पाळायचे ठरवणाऱ्यांपैकी अनेकांचा असाच समज असतो. विदर्भात तर तो आणखी पक्का होतो. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, मग या पाहुण्याला इथे अगदी घरच्यासारखे वाटेल, असा हिशेब मांडला जातो. हिशेब इथेच चुकतो. मोकळ्या माळावर ऊन वाढले की हा सरडा झुडपाच्या सावलीत किंवा बिळात जातो. काचेच्या पेटीत बंद पिल्लाला जायला जागाच नसते. शिवाय इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला युरोप-अमेरिकेतल्या थंड घरांसाठी लिहिलेला असतो. तिथे प्रश्न पेटी गरम कशी करायची हा असतो. भंडारा, तुमसर किंवा पवनीत वर्षातले निदान तीन महिने प्रश्न नेमका उलटा असतो : पेटीचा एक कोपरा थंड कसा ठेवायचा? पिल्लाचा जीव बऱ्याचदा याच कोपऱ्यावर अवलंबून असतो.

बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे नेमका कोण?

पाळला जाणारा हा सरडा म्हणजे ‘पोगोना व्हिटिसेप्स’. पूर्व आणि मध्य ऑस्ट्रेलियाचा कोरडा अंतर्भाग हे त्याचे मूळ घर. घशाखालची काटेरी त्वचा तो फुगवतो आणि चिडला की काळी करतो, म्हणून त्याला ‘दाढीवाला’ हे नाव पडले. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जेमतेम १० सेंटिमीटरचे असते. वर्ष-दीड वर्षात ते शेपटीसह ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत वाढते. नीट सांभाळले तर ८ ते १२ वर्षे जगते. म्हणजे आठवीतल्या मुलाने हट्ट करून आणलेला सरडा तो पदवीधर होईपर्यंत घरात असू शकतो.

आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसणारा बागेतला सरडा त्याचा लांबचा भाऊबंद आहे. दोघेही ‘अ‍ॅगॅमिड’ कुळातले. हवामानात मात्र मोठा फरक आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल या भागात वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडतो. भंडाऱ्यात एकाच पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट पडतो. म्हणजे इथे उन्हाळ्याइतकीच पावसाळ्याचीही तयारी लागते.

पिल्लाला किती तापमान लागते?

सरड्याचे शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही. गरम जागी बसून तो शरीर तापवतो आणि सावलीत जाऊन निववतो. या जातीला शरीराचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास लागते. त्यासाठी तो दिवसभर जागा बदलत असतो. त्यामुळे पेटीत ‘एक योग्य तापमान’ असून चालत नाही, तापमानाचा उतार लागतो.

- ऊन खाण्याची जागा : फरशी किंवा लाकडाच्या पृष्ठभागावर ४० ते ४२ अंश
- थंड टोक : २४ ते २९ अंश
- रात्री : २० ते २४ अंश
- हवेतील आर्द्रता : ३० ते ४० टक्के

यातला दुसरा आकडा भंडाऱ्यातल्या पालकांनी घरात लिहून ठेवावा असा आहे. कडक उन्हाळ्यात थंड टोक काही तास ३०-३१ वर गेले तर पिल्लू निभावून नेते. तेच टोक ३५ च्या पुढे गेले, तर पेटीत पळून जायला जागा उरत नाही. दुपारी कूलरशिवाय बंद खोलीत, विशेषतः टिनाच्या छताखाली, हे सहज घडते. त्यात दिवाही सुरू राहिला तर शरीर निववण्याचा कोणताही मार्ग पिल्लाकडे नसतो.

पेटी केवढी आणि कशाची?

पिल्लू लहान म्हणून छोटा फिश टँक घेणे, ही पहिली चूक. छोट्या पेटीत दिवा लावला की दहा मिनिटांत सगळी पेटी सारखीच तापते आणि तापमानाचा उतार तयारच होत नाही. फिश टँकमध्ये हवाही नीट खेळत नाही. हात वरून घालावा लागतो. वरून येणारी सावली पिल्लाला घार-कावळ्यासारखी वाटते आणि ते घाबरते.

प्रौढ सरड्याला किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी लागते. पिल्लालाही थेट तीच द्यावी. फार मोठी वाटली तर आत लपण्याच्या जागा वाढवाव्यात. पेटी सुताराकडून करून घेता येते. एक सोपा हिशेब : तळ, छत आणि मागची बाजू मिळून २४ चौरस फूट, दोन बाजूंच्या भिंती मिळून ८ चौरस फूट. एकूण ३२ चौरस फूट, म्हणजे ८ बाय ४ चा एक प्लायवूड शीट. पुढे सरकणाऱ्या दोन काचा बसवायच्या.

करून घेताना तीन गोष्टी सुताराला आवर्जून सांगाव्यात. एक, हवेची जाळी दोन ठिकाणी हवी : थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर. गरम हवा वरून निघते, थंड हवा खालून आत येते. दोन, सांधे सिलिकॉनने बंद करावेत, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगतो. तीन, पॉलिश किंवा रंग पूर्ण वाळून वास जाईपर्यंत पेटी काही आठवडे उघडी ठेवावी.

आत काय ठेवायचे, काय नाही?

वाळवंटातला प्राणी म्हणून वाळू पसरणे ही दुसरी नेहमीची चूक. पिल्लू किड्यावर झडप घालताना वाळूही गिळते आणि ती आतड्यात अडकू शकते. वैनगंगेची धुतलेली रेती असो वा दुकानातली ‘कॅल्शियम सँड’, पिल्लासाठी दोन्ही नकोत. पहिले काही महिने साधा कागद पुरतो. बदलायला सोपा, शिवाय विष्ठा कशी आहे हे लगेच दिसते. पुढे खरबरीत फरशी बसवता येते. गरम टोकाला शहाबादीचा तुकडा ठेवला तर तो ऊब धरून ठेवतो आणि नखेही घासली जातात.

याशिवाय चढायला एक जाड फांदी, दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा आणि थंड बाजूला उथळ पाण्याची वाटी. उलटे ठेवलेले, दार कापलेले मातीचे मडके उत्तम लपण होते. शेतातून फांदी आणली तर ती धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच आत ठेवावी. प्लग लावून तापणारे ‘हॉट रॉक’ टाळावेत. पोट भाजेपर्यंत सरडा त्यावर बसून राहू शकतो.

पेटीत एकच पिल्लू ठेवावे. ‘जोडी असली की करमेल’ हा माणसांचा विचार झाला. दोन पिल्ले एकत्र असली की मोठे लहान्याची बोटे आणि शेपटी चावते, ऊन खाण्याची जागाही अडवते.

दोन दिवे कशासाठी?

एक दिवा उष्णतेसाठी, दुसरा यूव्हीबी किरणांसाठी. त्यांची कामे वेगळी आहेत आणि एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

उष्णतेसाठी ५० ते ७५ वॉटचा हॅलोजन फ्लडलाइट बहुतेक वेळा पुरतो. होल्डर चिनी मातीचा हवा, प्लास्टिकचा वितळतो. दिवा पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचे संरक्षण द्यावे. पिल्लू उडी मारून त्याला चिकटू शकते.

यूव्हीबी किरणांमुळे सरड्याच्या त्वचेत ‘ड ३’ जीवनसत्त्व तयार होते आणि खाल्लेले कॅल्शियम हाडांत जाते. ते मिळाले नाही तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो. वाढत्या पिल्लात हा हाडांचा आजार काही आठवड्यांतही दिसू लागतो. यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेली १० ते १२ टक्के यूव्हीबीची ‘टी ५’ नळी लागते. ती पेटीच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश लांबीची हवी. बसण्याच्या जागेपासून अंतर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. नळी दिसायला चालू असली तरी तिचे यूव्हीबी कमी होत जाते, म्हणून वर्षाने ती बदलावी.

इथे सावध राहावे. करोनाकाळात घराघरांत पोहोचलेल्या जंतुनाशक ‘यूव्ही’ नळ्या यूव्हीसी किरणांच्या असतात. त्या सरड्याचे आणि माणसाचेही डोळे, त्वचा जाळतात. डास मारण्याच्या यंत्रातल्या जांभळ्या नळीचाही इथे उपयोग नाही. पेटी खिडकीशी ठेवूनही काम भागत नाही. काच यूव्हीबी अडवते आणि उष्णता मात्र आत कोंडते.

विजेचा हिशेब असा : ७५ वॉटचा दिवा आणि २४ वॉटची नळी रोज १२ तास चालली, तर दिवसाला सुमारे १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट.

वीज गेली तर?

पिल्लाला थोड्या वेळाच्या अंधाराने काही होत नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. अनेक घरांत दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात आणि कूलर नसतो. पेटीचा हॅलोजनही इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडला, तर मे महिन्याच्या दुपारी वीज गेल्यावर कूलर बंद पडतो आणि दिवा मात्र पेटी तापवत राहतो. घरातली मंडळी कामावर असतील तर कुणाला कळतही नाही.

उपाय सोपा आहे. उन्हाळ्यात उष्णतेचा दिवा कूलरच्याच लाइनवर ठेवावा. वीज गेली की दोन्ही बंद. दिवा नेहमी थर्मोस्टॅटमधूनच चालवावा. त्याचा सेन्सर ऊन खाण्याच्या जागेशी पक्का बांधावा. सेन्सर सरकून थंड बाजूला पडला, तर थर्मोस्टॅट ‘अजून गार आहे’ असे समजून दिवा चालूच ठेवतो. थंड टोकाला वेगळा डिजिटल थर्मामीटर हवा. काचेवर चिकटवायच्या रंगीत पट्टीवर भरवसा ठेवू नये.

उन्हाळा, पावसाळा, हिवाळा : कधी काय बदलायचे?

उन्हाळा : पेटी तळमजल्यावर, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावी. स्लॅबखालची वरची खोली, पश्चिमेची भिंत आणि टिनाचे छत टाळावे. खोलीच ३५ वर गेली असेल तर दुपारी हॅलोजन बंद, फक्त यूव्हीबी नळी चालू. सकाळी खोली थोडी निवलेली असताना दोन-तीन तास हॅलोजन दिला तरी पिल्लाचे ऊन खाणे होते. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. कूलर हवेत ओलावा वाढवतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो चालून जातो, तरी आर्द्रता मोजत राहावी. नवतप्याच्या दिवसांत घर बंद करून गावाला जायचे असेल, तर पिल्लू जाणत्या माणसाकडे सोपवूनच जावे.

पावसाळा : खरी कसोटी जुलै-ऑगस्टची. हवेत ओलावा भरलेला असताना कूलर चालवला तर पेटी दमट होते. सततच्या दमट हवेत श्वसनाचा संसर्ग होतो. नाकातोंडातून बुडबुडे येणे, श्वासाचा आवाज होणे ही त्याची लक्षणे. या दिवसांत कूलर बंद आणि पंखा सुरू ठेवावा, शक्य असेल तर एसी ‘ड्राय मोड’वर. पाण्याची वाटी पेटीबाहेर काढून दिवसातून दोनदा थोडा वेळ समोर धरावी. कागद रोज बदलावा.

हिवाळा : डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. पेटी १८ च्या खाली जात असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावावा. रात्री लाल-निळे दिवे नकोत, पिल्लाची झोप मोडते. पेटीवर गोधडी टाकण्याचा मोह होतो, पण दिव्याजवळ कापड म्हणजे आगीला निमंत्रण.

पिल्लाला त्रास होतोय हे कसे ओळखायचे?

दिव्याखाली तोंड उघडून बसणे बऱ्याचदा नैसर्गिक असते. त्या मार्गाने तो उष्णता बाहेर टाकतो. मात्र थंड टोकाला जाऊनही तोंड उघडेच असेल, पिल्लू काचेला घासत सैरावैरा पळत असेल किंवा निपचित पडले असेल, तर ते तापले आहे. आधी दिवा बंद करावा आणि पिल्लाला गार खोलीत हलवावे. कोमट पाण्याने अंग ओले करावे, बर्फाचे पाणी वापरू नये. त्यानंतर लगेच पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. याउलट अंग गडद आणि दिवसभर दिव्याखालीच ठाण, म्हणजे पेटी गार आहे.

खाणे घरचे, पण शेतातले नको

पिल्लाचा मुख्य आहार म्हणजे किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा आणि त्यावर कॅल्शियमची पूड लावलेली असावी. भंडारा हा धानाचा जिल्हा. बांधावरचे नाकतोडे फुकट मिळतात, पण फवारणीचे विष त्यांच्यासोबत पोटात जाते. म्हणून घरी वाढवलेले किंवा खात्रीच्या ठिकाणचे किडेच द्यावेत. काजवा तर अजिबात नको. काजव्यांच्या काही जातींतील विषाने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. पावसाच्या तोंडावर खिडकीतून आत आलेला एक काजवाही धोक्याचा.

पाल्यात तुतीची पाने, जास्वंदाची फुले आणि किसलेला लाल भोपळा चालतो. पालक वारंवार नको, तो कॅल्शियम अडवतो. न खाल्लेले किडे रात्री पेटीत ठेवू नयेत, ते पिल्लालाच चावतात. पेटीजवळ मुंग्यांचा खडू किंवा मच्छर अगरबत्ती वापरू नये. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी युक्ती पुरते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय करारातील प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. अशा जातीचा जिवंत प्राणी घरी आला की ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. हिरवा इग्वाना आणि बॉल पायथन या यादीत आहेत. यादी बदलत असते. त्यामुळे खरेदीआधी प्राण्याचे शास्त्रीय नाव ताज्या अनुसूचीशी ताडून पाहावे, शंका असल्यास वनविभागाच्या कार्यालयात विचारावे आणि विक्रेत्याकडून लेखी बिल व जन्माचा तपशील घ्यावा. ऑस्ट्रेलिया आपल्या जिवंत सरड्यांची व्यापारी निर्यात करू देत नाही. त्यामुळे ‘थेट ऑस्ट्रेलियातून आणलेला’ असे कुणी सांगितले तर तिथून निघून जावे.

परदेशी सरडा महाग पडतो म्हणून रानातली घोरपड किंवा रंग बदलणारा सरडा धरून आणणे हा थेट गुन्हा आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत असून त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

सांभाळणे झेपले नाही तरी पाळलेला सरडा कोका अभयारण्यात, नागझिऱ्यात किंवा नदीकाठी सोडू नये. तो स्वतः तर मरतोच, शिवाय पाळीव बिअर्डेड ड्रॅगनमध्ये आढळणारा अ‍ॅडिनोव्हायरस त्याच कुळातल्या आपल्या सरड्यांपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

घरात लहान मुले असतील तर?

निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने बिअर्डेड ड्रॅगनशी जोडलेले साल्मोनेलाचे उद्रेक नोंदवले आहेत. पाच वर्षांखालील मुलांनी त्याला हाताळू नये, इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटी आणि तिची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. उपचारांसाठी जवळचे मोठे ठिकाण म्हणजे सुमारे ६० किलोमीटरवरचे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय. सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर कोण, कोणत्या वेळी भेटतात, हे पिल्लू आणण्याआधीच विचारून ठेवावे.

आणण्याआधी ‘रिकाम्या पेटी’ची परीक्षा

पिल्लू आणण्याआधी पेटी पूर्ण तयार करून सात दिवस रिकामी चालवावी. रोज तीन वेळा आकडे वहीत लिहावेत :

- पहाटे ४ वाजता : पेटी १८ अंशांच्या खाली जाते का?
- सकाळी १० वाजता : ऊन खाण्याची जागा ४० ते ४२ अंशांवर पोहोचते का?
- दुपारी ३ वाजता : थंड टोक ३० च्या आसपास राहते का? आर्द्रता किती?
- एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून : दिवा खरेच बंद होतो का?

या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चुकीचे आले, तर पिल्लू थांबू शकते. ते किमान सहा ते आठ आठवड्यांचे आणि १५ सेंटिमीटरहून मोठे असेल तरच घ्यावे. आणल्यावर पहिले काही दिवस त्याला हातात न घेता पेटीत रुळू द्यावे. पहिल्यांदाच पाळणाऱ्या घरासाठी मे महिना टाळून ऑक्टोबरनंतरचा काळ निवडणे सोयीचे. तोवर पाऊस ओसरलेला असतो, कडक थंडी यायची असते आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत पेटी, खोली आणि पिल्लू तिघांनाही ओळखायला घरच्यांना पाच महिने मिळतात.